बोंडअळीच्या पोटातली चरबी

वणी तालुक्यातल्या राजूरला लोक कोळशाच्या खाणींमुळे ओळखतात, पण तालुक्याचा जीव कपाशीत आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातली बोंडं पोखरली, ती जखम अजून ताजी आहे.

हंगाम सरला की पूर्ण वाढलेली अळी सरकीत किंवा वाळक्या बोंडात काही महिने निपचित पडते. काही न खाता जगते, ती आधी साठवलेल्या चरबीवर. कीटकाच्या शरीरात चरबी कधी साठवायची, कधी जाळायची, हे पेशीकेंद्रातली ग्राही प्रथिनंही ठरवतात. एक्डायसोनसारखं संप्रेरक चिकटलं की ती थेट जनुकं चालू-बंद करतात. फळमाशीत त्यांपैकी एचएनएफ-4 उपासमारीत चरबी जाळायला लावतं. डीएचआर-96 अन्नातली चरबी पचवण्याचं काम सांभाळतं.

हे ज्ञान प्रयोगशाळेत अडकून राहू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. कारण त्याच 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अळीची शिदोरी तोडणारा, माणसाला न मारणारा उपाय विदर्भाला हवा आहे. तोवर शेतकरी बांधवांनो, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक) घेऊ नका; डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करा.