रांगोळी, काच आणि बैलगाडी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाने हस्तकौशल्याचा कैवार घ्यावा, हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. आमच्या एका स्नेह्यांना ते तसे वाटलेही. आमच्या काही विद्यार्थ्यांनी काचेवर रांगोळी पसरली, ती बोटांनी किंचित किंचित सरकविली आणि दर खेपेस एक छायाचित्र घेतले. सेकंदाला १२ या हिशेबाने ३६० चित्रे झाली, तेव्हा कोठे अर्ध्या मिनिटाचे हलते चित्र उभे राहिले. ते पाहून आमचे स्नेही म्हणाले, "संगणक हे घटकाभरात करील. मग ही बैलगाडी कशासाठी?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मुलांना ॲनिमेशनच्या वर्गात घालणाऱ्या बहुतेक सुशिक्षित पालकांच्या मनात तोच असतो. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही बैलगाडी आडरानातली नव्हे. आपल्याकडील चित्रपटाचा राजरस्ता तिनेच पाडला. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टप्प्याटप्प्याने टिपले ते पहिल्या कथापटाच्याही आधी; आणि १९१५ च्या सुमारास त्यांनी साध्या आगकाड्या एकेक सरकवून पडद्यावर नाचविल्या. पुढे १९३४ साली 'प्रभात'ने 'जंबूकाका' हे व्यंगचित्रांचे चित्र काढले. त्याही मागे गेल्यास कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी भेटतात. एकामागून एक चित्र पुढे करीत, गाण्याच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने उलगडणारी ही मंडळी पडदा आणि यंत्र यांवाचून चित्रपटच दाखवीत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण केवळ पूर्वजांच्या पुण्याईवर आम्ही वाद जिंकू इच्छीत नाही. खरा मुद्दा निराळाच आहे. संगणकावर चुकलेली रेघ एका कळीसरशी पूर्ववत होते. काचेवरच्या रांगोळीत पुढचे चित्र काढावयाचे म्हणजे मागचे मोडावेच लागते. परतीची वाट नाही. त्यामुळे हात हलविण्यापूर्वी डोळ्याला पाहावे लागते आणि डोळ्यापूर्वी मनाला ठरवावे लागते. पक्षी उडतो म्हणजे नेमके काय होते, प्रथम पंख उचलतो की अंग झुकते, हे ज्याने पाहिले नाही त्याची रांगोळी उडतच नाही. कॅनडात नावारूपास आलेल्या कॅरोलिन लीफ या विदुषीने १९६९ पासून प्रकाशित काचेवरील वाळूतून चित्रे हलविली, तेव्हा जगाने कौतुक केले. आपल्या घरच्या स्त्रिया तर रोज सकाळी उंबऱ्यापुढे रेखतात आणि दुसऱ्या दिवशी निर्विकारपणे पुसून नवे रेखतात. मोडून घडविण्याची ही विद्या आपल्या दारात असता आपण तिला कलाशिक्षणात जागा देत नाही, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, यंत्रयुगात हे लाड परवडत नाहीत. असे म्हणणाऱ्याने चाकणच्या एखाद्या साच्यांच्या कारखान्यात तासभर उभे राहावे. यंत्राने साचा कापला तरी काम संपत नाही. जुना जाणता फिटर त्याच्या एका अर्ध्याला निळा रंग लावतो, दोन्ही अर्धे एकमेकांवर टेकवितो, रंग कोठे उठला ते न्याहाळतो आणि तेवढाच उंचवटा दगडाने घासून काढतो. कारखानदार या हाताला बैलगाडी म्हणत नाही. उलट त्याला जपतो. जे कारखान्याला कळते ते कलेच्या वर्गाला कळू नये, ही मौज आहे.

परंपरेच्या बेगडी भक्तांशीही आमचे भांडण आहे. वारल्यांची दोन त्रिकोणांची माणसे उचलावी, त्यांना संगणकातील तयार चाल चिकटवावी आणि खाली 'आपली संस्कृती' असे लिहावे, हा प्रकार कळसूत्री बाहुलीला कवायत शिकविण्यासारखा आहे. त्या आकृतीची चाल त्या दोन त्रिकोणांच्या सांध्यातूनच निघाली पाहिजे. आणि ती शोधावयाची तर तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर रेखणाऱ्या हाताजवळ बसले पाहिजे. नीना सबनानी यांनी भील चित्रकार शेरसिंग यांना सोबत घेऊन 'हम चित्र बनाते हैं' हा लघुपट केला, त्याचे मोल आम्हांस म्हणूनच वाटते.

संगणकाशी आमचे वैर नाही. आमचा आग्रह क्रमापुरता आहे: आधी हात, मग यंत्र. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी हाताने रंगविलेल्या 'प्रिंटेड रेनबो'ला २००६ साली कान येथे समीक्षक-सप्ताहात पारितोषिक मिळाले. त्या कथेतील वृद्धेचे सारे जग काड्यापेट्यांवरील चित्रांत सामावलेले आहे. फाळक्यांच्या काडीपासून या पेटीपर्यंत नव्वद वर्षे गेली. हाताची गरज मात्र सरली नाही.

तेव्हा वर्ग चालविणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पहिल्या सहामाहीत एक टेबल, एक काच, एक दिवा, मूठभर रांगोळी, शाडूचा एक गोळा आणि खिशातला फोन एवढ्यावर मुलांना काम करू द्या. खर्च नगण्य आहे. आणि पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: येथे आमचे मूल आधी पाहावयास शिकेल की नुसती कळ दाबावयास? उत्तर देताना चालक चाचरले, तर खुशाल समजावे की येथे गाडी वेगाची आहे. परंतु आत बसून कोठे जावयाचे, हे कोणासच ठाऊक नाही.