पायातला पट्टा ही नवी हजेरीच!

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायालयाने बांधायला लावलेल्या जीपीएस पट्ट्याशी छेडछाड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्याने त्या दिशेने पाऊल टाकले आहे: कैदी पट्टा बांधायला तयार असेल तर रजा, अट मोडली तर रजा रद्द आणि पुढच्या रजेलाही अपात्र. उद्या महाराष्ट्रात ‘छेडछाडीला तुरुंगवास’ असा कायदा आला, तर तो कोणाच्या मुळावर येईल?

उत्तरासाठी कडेगावकरांनी लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी ‘फकिरा’त मांगांवरची हजेरी मांडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच संशयित ठरवला. १९५२ ला तो कायदा गेला, १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगार कायदा आणला. नाव बदलले, नजर तीच राहिली. पारध्यांच्या पालावर जाऊन विचारा.

“तुरुंगापेक्षा पट्टा बरा,” असे काही मित्र म्हणतात. देशातल्या चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, हे खरे. पण जामीनदार मिळत नाही म्हणून आत सडणाऱ्याला वैयक्तिक हमीवर सोडा की! गरिबी हा पळून जाण्याचा पुरावा कधीपासून झाला?

पट्ट्याला चार्जिंग लागते, रेंज लागते. उसाच्या फडावरच्या कोपीत वीज कुठली? बॅटरी संपून यंत्र गप्प झाले, की ते मुद्दाम बंद पाडले का, हे आधी ठाणे ठरवणार. ज्याच्याकडे वकील आहे तो सुटेल. ज्याच्याकडे नाही, त्याच्यावर मूळ खटला उभा राहण्याआधीच दुसरा गुन्हा!

८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी गूगल मॅपवर ठिकाण कळवण्याची जामिनाची अट रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर सतत पाळत ठेवणे कलम २१ चा भंग आहे, असे त्यांनी बजावले. मग तीच पाळत पायात बांधली की घटनात्मक होते का?

म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी. जामिनासाठी पट्टा नकोच. शिक्षा झालेल्या कैद्याला रजेवर बांधायचाच, तर खर्च सरकारचा, हेतू सिद्ध करण्याचा भार सरकारचा, आणि केवळ यंत्राच्या नोंदीवर शिक्षा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला नागरिक केले. पुन्हा हजेरीच्या रांगेत उभे राहायचे नाही!

जय भीम! जय संविधान!