किल्ली कोणाच्या हाती?

२५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुण्याच्या स्मरणातून पुसली जाणे कठीण आहे. संतोष माने या एस.टी. चालकाने स्वारगेट आगारातून त्याला नेमून न दिलेली बस बाहेर काढली आणि शहरभर बेफाम हाकली. नऊ निरपराध जीव गेले, तीसहून अधिक माणसे जखमी झाली. फाशी, फेरसुनावणी, पुन्हा फाशी आणि अखेर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप, हा फौजदारी प्रवास वृत्तपत्रांनी तपशीलवार छापला. परंतु बस महामंडळाची, चालक महामंडळाचा, फेरी मात्र महामंडळाची नव्हे. अशा वेळी मृतांच्या आप्तांनी भरपाई कोणाकडे मागावी, या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष फारसे गेले नाही.

हा प्रश्न सरकारी आगारापुरता नाही. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रेत्यांपासून पासोड्या विठोबाजवळच्या विद्युत साहित्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत साऱ्यांचा माल टेम्पोने येतो-जातो. रात्री गाडी उभी करायला पेठेत जागा कुठली? दुकान बंद झाले की चालक टेम्पो घरी नेतो. रविवारी त्याच टेम्पोतून बहिणीचे बिऱ्हाड हलवताना कोणी पादचारी चिरडला गेला, तर 'तो कामावर नव्हता' एवढे म्हणून मालक मोकळा होईल काय?

नोकर स्वतःच्या मौजेसाठी भटकत असेल तर धन्यावर दायित्व नाही, हे तत्त्व १८३४ च्या एका इंग्रजी निवाड्यातून आपल्याकडे आले. तो निवाडा घोडागाडीचा होता! १९६६ मध्ये अहमदाबादच्या एका टॅक्सीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने मालकाला मुक्त केले. चालकाने गाडी परवाना काढू पाहणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या हाती दिली होती. न्या. सुब्बाराव यांचे मत मात्र वेगळे होते. पुढे १९७७ मध्ये वारे बदलले. रणजित जिनिंग कंपनीच्या मोटारीत व्यवस्थापकाने सोबत घेतलेला गृहस्थ अपघातात दगावला, तेव्हा न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून कंपनीला उत्तरदायी धरले.

आमच्या मते याच दिशेने आणखी पुढे जायला हवे. चालकाने टेम्पो घरी नेला की व्यापाऱ्याची जागेची अडचण सुटते, पहाटे गाडी वेळेवर दारात येते. ही सोय मालकाची, तर तिच्यातील जोखीम रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची कशी? फौजदारी अपराध ज्याचा त्याने भोगावा. पण कर्ता पुरुष गमावलेल्या विधवेने चालकाची हजेरीवही धुंडाळत फिरावे, हा न्याय नव्हे. गाडी चोरीला गेली असेल आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. ते सिद्ध करण्याचा भार मात्र मालकावरच असावा, कारण किल्ली कोणाला दिली हे त्यालाच ठाऊक असते.

यात लहान व्यापारी बुडेल, ही भीती अनाठायी आहे. त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचाच आहे आणि विमा कंपनीला कायद्याने दिलेल्या बचावांच्या यादीत 'चालक कामावर नव्हता' हा बचाव नाही. अडचण अशी, की मालकावरच दायित्व नाही असे ठरले, तर कंपनीही त्याच्या आडून अंग काढून घेऊ पाहते. म्हणजे हप्ते भरूनही पीडिताच्या हाती काही पडत नाही. पेठेतील किती दुकानदारांनी आपल्या पॉलिसीतील 'चालक' या शब्दापुढचा मजकूर वाचला आहे?