कानाची मशागत

‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून पुष्कळ लोक संगीताविषयीचा वाद मिटवून टाकतात. आवड ही जणू जन्मतःच मिळते आणि आमरण तशीच राहते, अशी त्यांची समजूत असते. परंतु ती खरी नव्हे. आवड ही रोपासारखी असते. तिला माती लागते, पाणी लागते आणि वाढण्यास काळही लागतो.

महाराष्ट्राच्या रंगभूमीचा इतिहास याची साक्ष देतो. इ. स. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यात साकी, दिंडी अशा प्रेक्षकांच्या परिचयाच्या चाली होत्या. पुढे १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटक आले. त्याच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील बंदिशींच्या आधारे चाली दिल्या व बालगंधर्वांनी ती पदे गाइली. ख्यालगायनाच्या मैफलीला जे कधी गेले नसते, असे सामान्य प्रेक्षकही घरी परतताना यमन गुणगुणू लागले. रागाचे नाव त्यांना ठाऊक नसेल. पण त्यांचा कान मात्र घडत होता. एका समाजाची अभिरुची अशी छत्तीस वर्षांत पालटली.

जी गोष्ट समाजाची, तीच व्यक्तीची. कुमार गंधर्व बालवयातच नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात असत. पुढे क्षयरोगाने त्यांना गाठले आणि १९४८ साली ते हवापालटासाठी माळव्यातील देवास येथे गेले. काही वर्षे गाणे बंद होते. ऐकणे मात्र चालूच होते. तेथील लोकगीते त्यांनी मन लावून ऐकली. साध्या ग्रामीण गीतांत रागांची बीजे आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले व त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. तथापि, लोकगीत आवडले म्हणून त्यांनी ख्याल टाकला नाही आणि बालगंधर्वांच्या पदांवरील त्यांचे प्रेमही आटले नाही. खरी वाढ ती हीच. नवी फांदी फुटली म्हणून वृक्ष आपले मूळ तोडीत नाही.

आज हवे ते गाणे हव्या त्या क्षणी खिशातील यंत्रावर ऐकता येते. ही सोय मोठीच आहे. परंतु ते यंत्र पुष्कळदा काल जे आवडले, तशाच प्रकारचे गाणे आज पुढे करते. रोज एकच गोड पदार्थ खाणाऱ्याची जीभ जशी इतर चवींना मुकते, तसेच कानाचेही होते.

म्हणून अनोळखी संगीताला थोडा धीराने वेळ द्यावा. विलंबित ख्याल प्रथम कंटाळवाणा वाटेल. तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकावा. नातवाने आजोबांच्या नाट्यपदांना हसू नये आणि आजोबांनीही नातवाचे गाणे गोंगाट म्हणून झिडकारू नये. दोघांनी एकमेकांचे गाणे शेजारी बसून ऐकावे. त्यानंतरही एखादे गाणे आवडले नाही, तर त्यात काही उणे नाही. परंतु न ऐकताच नावडते ठरवणे हा त्या गाण्यावर आणि स्वतःवरही अन्याय होय. जो ऐकत राहतो, त्याचे कान म्हातारपणीही तरुण राहतात.