शून्य गोल आणि आपल्या शाळेतला खेळाचा तास



विषय फुटबॉलचा आहे म्हणून हा लेख फक्त क्रीडाशिक्षकांसाठी आहे असं समजू नका. गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि ज्यांची मुलं तिसरी ते आठवीत आहेत अशा पालकांनी तर तो जरूर वाचावा.

जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये आशियाई चषक स्पर्धा झाली. तिला नाव २०२३ च्या स्पर्धेचं असलं तरी सामने २०२४ मध्ये झाले. भारताच्या गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया हे तीन संघ होते. निकाल असे लागले: ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ हार. तीन सामने, शून्य गुण आणि शून्य गोल. स्पर्धेनंतर जागतिक क्रमवारीत आपण १०२ वरून ११७ व्या स्थानावर घसरलो. मग नेहमीचंच सुरू झालं. कोणी प्रशिक्षकाला धरलं, कोणी खेळाडूंना. पारावरही एकच वाक्य, "१४० कोटींत ११ पोट्टे सापडत नाहीत का?"

आपण मास्तर लोक. एखाद्या मुलाचा निकाल वाईट आला की आपण नुसतं 'नापास' म्हणून वही मिटत नाही. कुठला प्रश्न आला, कुठला चुकला आणि का चुकला, ते पाहतो. राष्ट्रीय संघाची गुणपत्रिकाही तशीच वाचायला हवी.

जमेच्या बाजू

पहिली जमेची बाजू म्हणजे बचाव. ऑस्ट्रेलियासारख्या विश्वचषकात नेहमी खेळणाऱ्या संघाला आपण पूर्वार्धात एकही गोल करू दिला नाही. त्यांचा पहिला गोल ५० व्या मिनिटाला झाला. सीरियाविरुद्ध तर ७५ मिनिटं बरोबरी होती, ७६ व्या मिनिटाला गोल बसला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, बचावातला संदेश झिंगन आणि आपला मुंबईचा राहुल भेके, ही मंडळी अंग झोकून खेळली.

दुसरी बाजू म्हणजे हिंमत. त्याआधीच्याच वर्षी, २०२३ मध्ये, या संघाने भुवनेश्वरला लेबननला हरवून आंतरखंडीय चषक जिंकला. बंगळुरूला कुवेतला पेनल्टीत हरवून सॅफ स्पर्धा जिंकली आणि क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा मिळवली. म्हणजे मुलगा 'ढ' नाही. ओळखीचा पेपर आला तर तो चांगले गुण आणतो. कठीण पेपरात मात्र अडतो.

उणिवा

पहिली उणीव गोल करण्याची. २७० मिनिटांत एकही गोल नाही. आघाडीला सुनील छेत्री होता, वय ३९. आंतरराष्ट्रीय सामन्यांत नव्वदहून अधिक गोल करणारा हा खेळाडू मोठाच, त्यात वाद नाही. पण ३९ वर्षांच्या माणसाला पर्यायच तयार होत नसेल तर दोष त्याचा कसा? देशातल्या लीगमध्ये बहुतेक संघ गोल करण्याची जागा परदेशी खेळाडूला देतात. वर्गातला अवघड प्रश्न दरवेळी एकाच मुलाला विचारला तर बाकीचे बोलायला शिकणार कधी?

दुसरी उणीव दबावाखाली चेंडू सांभाळण्याची. अंगावर प्रतिस्पर्धी आला की आपले खेळाडू घाईने लांब चेंडू मारतात. चेंडू पुन्हा समोरच्याकडे जातो आणि पुन्हा बचाव करावा लागतो. अशा बचावाने दम संपतो. मग शेवटी गोल बसतो.

तिसरी उणीव सुरुवातीच्या एकाग्रतेची. उझबेकिस्तानविरुद्ध चौथ्याच मिनिटाला गोल झाला आणि तिन्ही गोल पूर्वार्धातच बसले. उत्तरार्धात एकही नाही. पेपर हातात पडल्यावर पहिली दहा मिनिटं भांबावणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

चौथी उणीव तयारीची. संघ दोह्याला पोहोचला आणि जेमतेम दोन आठवड्यांत पहिला सामना. आता हसू नका. आपल्या शाळांत तालुका स्पर्धेचं पत्र आलं की आपण काय करतो? आठ दिवस आधी उंच-धिप्पाड मुलं निवडतो, घाईने संघ काढतो आणि हरून आलो की "आपल्या पोरांत दम नाही" म्हणतो. वरती जे घडतं तेच खालीही घडतं.

त्यानंतर काय झालं, तेही पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील हे भारतीय प्रशिक्षक आले. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला हा माणूस. त्यांच्या हाताखाली लगेचच मध्य आशियाई स्पर्धेत आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं आणि ओमानला पेनल्टीत हरवून तिसरं स्थान मिळवलं. आशा वाटली. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारंही बंद झाली. प्रशिक्षक बदलला, दुखणं तेच राहिलं. म्हणजे दुखण्याचं मूळ आणखी खाली कुठेतरी आहे.

मूळ कुठे आहे?

१४० कोटींचा हिशेब मला पटत नाही. मैदानावर लोकसंख्या खेळत नाही, तिथे खेळतात ती लहानपणापासून रोज चेंडू खेळलेली माणसं. आइसलँड या देशाची लोकसंख्या चार लाखांच्याही आत आहे. आपल्या एकट्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाख होती. तरी आइसलँड २०१८ चा विश्वचषक खेळला आणि अर्जेंटिनाशी १-१ बरोबरी करून आला. त्यांनी काय केलं होतं? बंदिस्त मैदानं बांधली, शाळांशेजारी छोटी मैदानं केली आणि लहान मुलांना शिकवायला प्रशिक्षित माणसं नेमली.

ते दूरचं उदाहरण वाटत असेल तर आपल्याला हरवणाऱ्या उझबेकिस्तानचंच घ्या. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कमी लोकसंख्येचा हा देश. त्यांनी २०२३ मध्ये २० वर्षांखालील आणि २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धा जिंकली. २०२६ च्या विश्वचषकासाठीही ते पहिल्यांदाच पात्र ठरले. आपल्याविरुद्ध चौथ्या मिनिटाला गोल करणारा अब्बोसबेक फैझुल्लाएव हा दहा महिन्यांपूर्वीच्या त्या २० वर्षांखालील स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्यांचं पीक आज दिसतंय, पेरणी मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वीची. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये पेरलं नाही तर दिवाळीला कापूस कुठून येणार?

आपल्याकडेही पुरावे आहेत. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. आपल्या संघातल्या २१ पैकी ८ मुलं मणिपूरसारख्या छोट्या राज्यातली होती. कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातला भारताचा पहिला गोल करणारा जॅक्सन सिंग मणिपूरचाच. आपल्या महाराष्ट्रातून अनिकेत जाधव त्या संघात होता. तो कोल्हापूरचा, जिथे पेठापेठांत तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की गाव लोटतो. जिथे लहान मूल रोज चेंडूला पाय लावतं, तिथून खेळाडू निघतो. इतकं साधं आहे हे.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्य शासनाने 'मिशन वन मिलियन' राबवलं. एका दिवशी १० लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असं उद्दिष्ट होतं. कल्पना चांगली होती. पण खेळ हा एका दिवसाचा उत्सव नाही. त्यानंतर चेंडूंचं काय झालं, ते प्रत्येकाने आपापल्या शाळेच्या कपाटात डोकावून पाहावं.

"सर, आमच्या गावात काय होणार?"

हा प्रश्न रास्त आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या आपल्या अल्लीपुरातून उद्या कोणी भारतीय संघात जाईल, असं खोटं स्वप्न मी दाखवणार नाही. पालकांची काळजीही खरी आहे. कापसाच्या भावावर घर चालतं आणि पोरगं शिकून नोकरीला लागावं असं वाटतं. "फुटबॉल खेळून पोट भरते काय?" असं कोणी विचारलं तर त्याला हसून टाळता येत नाही.

पण संघाच्या उणिवा पुन्हा वाचा. पुढे जाऊन मारायची भीती, दबावात घाई, सुरुवातीला भांबावणं, आयत्या वेळची तयारी. या फक्त फुटबॉलच्या उणिवा आहेत का? आपल्या वर्गातली मुलं पाठांतर उत्तम करतात, पण स्वतःचं उत्तर मांडायला कचरतात. चुकलं तर हसतील, ही भीती. मैदान ही अशी जागा आहे, जिथे मूल वीस वेळा गोल चुकवतं आणि एकविसाव्यांदा पुन्हा मारायला जातं. हे शिक्षण पुस्तकातून देता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खेळाचा तास गणिताला देणं ही मुलांची मदत नाही, त्यांचं नुकसान आहे. दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरता खेळ आठवणं तर त्याहून वाईट.

शासनाकडेही बोट दाखवायलाच हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत मैदान आणि क्रीडा साहित्य प्रत्येक शाळेला आवश्यक म्हटलं आहे. पण शारीरिक शिक्षणाचा निदेशक, तोही अर्धवेळ, फक्त सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि तोही पट १०० च्या वर असेल तरच. गावोगावच्या लहान शाळांचं काय? समग्र शिक्षा अभियानात क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजार रुपयांची तरतूद आहे. ती रक्कम वेळेवर यावी आणि आली की चेंडूवरच खर्च व्हावी, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी विचारलं पाहिजे.

आपण काय करू शकतो?

एक, ११-११ चा हट्ट सोडा. मोठ्या मैदानावर ११ जणांत दोन-तीन हुशार मुलंच खेळतात, बाकीची धावतात. ४-४ चे छोटे संघ करा. मैदान छोटं, विटा ठेवून गोल. प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागेल आणि गोल मारायची वेळ प्रत्येकावर येईल.

दोन, १२ वर्षांखालील मुलांना ४ नंबरचा चेंडू द्या. ५ नंबरचा त्यांच्या पायाला जड जातो.

तीन, जिंकण्यापेक्षा प्रयत्न मोजा. "आज गोलवर किती वेळा मारलं?" असं विचारा. चुकलेल्या फटक्यावर ओरडू नका.

चार, मुलींना मैदानाच्या कडेला बसवू नका. आपला महिला संघ जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ ने हरवून, पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात पोहोचला. आणि कतारमधल्या त्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या पंच जपानच्या योशिमी यामाशिता होत्या. पुरुषांच्या आशियाई चषकात मुख्य पंच म्हणून उतरलेली ती पहिली महिला. वर्गात हे जरूर सांगा.

पाच, सुब्रोतो चषकाच्या तालुका फेरीची तयारी आठ दिवस आधी नको. शाळा सुरू होते त्या आठवड्यापासून, आठवड्याला दोन तास, बस्स.

"आम्ही काही प्रशिक्षक नाही" असं म्हणाल तर दोन माणसं आठवा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात हैदराबादचे शाळामास्तर. कमजोर पायानेच खेळायचं, अशा स्पर्धा ते मुलांसाठी भरवत. दुसरे आपल्या शेजारच्या नागपूरचे विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या या सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना चेंडू दिला आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' त्यांच्यावरूनच आला. दोघांच्याही हाती सुरुवातीला फारसं काही नव्हतं. मुलं होती, मैदान होतं आणि रोज तिथे जाऊन उभं राहायची तयारी होती.

पुढच्या वेळी भारत हरला की प्रशिक्षकावर जरूर बोलू. पण त्याआधी आपापल्या शाळेचं वेळापत्रक काढून एकदा पाहू या. त्यात खेळाचा तास लिहिलेला आहे. तो या आठवड्यात खरंच झाला का?