हात नको, सुई बदला

मैत्रिणींनो, स्वेटर घालण्याआधी छोटा चौकोन विणून बघायचा बहुतेकींना कंटाळा येतो. तेवढ्या वेळात चार ओळी पुढे गेल्या असत्या, असं वाटतं. माझ्या मते मात्र महिनाभराची मेहनत त्या चौकोनावरच अवलंबून असते. हिशोब बघा. कृतीत 10 सेंटीमीटरला 22 टाके आणि छातीचा घेर 100 सेंटीमीटर, म्हणजे 220 टाके. तुमच्या हाताने 10 सेंटीमीटरमध्ये 24 टाके बसत असतील, तर तोच घेर 92 सेंटीमीटरही भरत नाही. सगळं उसवावं लागतं.

अशा वेळी मुद्दाम सैल विणू नका, चार ओळींत हात मूळ वळणावर येतोच. एक माप जाड सुई घ्या. टाके कमी बसत असतील, तर बारीक घ्या. सुईचा नंबर नव्हे, मिलिमीटर पाहा. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, अमेरिकन कृतीतली 8 नंबरची 5 मिलिमीटरची! लोकर बदलली तर चौकोन पुन्हा विणा आणि धुऊन, वाळवून मगच मोजा. घट्ट हात हा काही दोष नाही. त्याला जुळणारी सुई तेवढी शोधायची.