साखरेचा घाव बारीक नसांवर

"साखर आहे, पण त्रास काहीच नाही." वस्तीत फिरताना हे वाक्य आम्हांला घरोघर ऐकू येते. त्रास नाही म्हणून गोळ्या बंद, तपासणी बंद. वाचक बंधू-भगिनींना आज आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, या रोगात त्रास जाणवू लागतो तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

परमपूज्य बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेह होता. पाय दुखत, दृष्टी मंदावली होती. तशा प्रकृतीत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण केला. आज मिळणाऱ्या कितीतरी तपासण्या आणि औषधे १९५६ पर्यंत निघालीच नव्हती. आपल्याला ती मिळतात, तरी आपण दवाखान्याची पायरी चढत नाही!

हा रोग करतो काय? मोठ्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटत शेवटी केसाहून बारीक वाहिन्या होतात. त्यांच्या पातळ भिंतींतून शरीराला प्राणवायू आणि पोषण मिळते. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की या भिंती खराब होतात. कुठे त्या झिरपतात, कुठे बुजतात. याचा मार प्रामुख्याने तीन ठिकाणी बसतो.

पहिले डोळे. आतल्या पडद्यावर पाणी झिरपून सूज येते. नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. इथे चष्म्याचा नंबर बदलून भागत नाही. वेळीच कळले तर लेसरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते.

दुसरे मूत्रपिंड. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या बिघडल्या की शरीरातील प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. सुरुवातीला हे फक्त तपासणीतच कळते. दुर्लक्ष केले तर पाळी डायलिसिसवर येते.

तिसरे पाय. मज्जातंतूंना रक्त कमी पडते, मुंग्या येतात, मग तळवे बधिर होतात. चप्पल निसटली तरी कळत नाही, खिळा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या मधुमेही बांधवांनी परतल्यावर तळवे अवश्य पाहावेत.

हे टळू शकते, याला पुरावा आहे. अमेरिका व कॅनडातील १,४४१ इन्सुलिनवरील रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे डोळे आधी निरोगी होते, त्यांच्यात साखर काटेकोर सांभाळल्याने डोळ्यांचा विकार होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहाचा ब्रिटनमधील अभ्यास १९९८ सालचा. त्यात साखर सांभाळल्याने बारीक वाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी, तर रक्तदाब सांभाळल्याने ३७ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी तपासणी. बोटातील रक्ताची साखर त्या वेळेपुरती, ही तपासणी म्हणजे तीन महिन्यांचा ताळेबंद. बहुतेकांना आकडा ७ च्या आत हवा. आपला किती, ते डॉक्टरांना विचारावे.

२) वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी, तसेच लघवीतील प्रथिनांची व रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी.

३) रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून तळवे पाहणे. स्वतःला दिसत नसेल तर सुनेने, नातवाने पाहावे.

४) रक्तदाब ताब्यात ठेवणे. विडी, तंबाखू, मिश्री बंद.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जावे. घरातल्या आयाबहिणी सर्वांच्या गोळ्या सांभाळतात, पण स्वतःची साखर तपासत नाहीत. त्यांना आधी न्यावे. आणि कुणा बुवाच्या काढ्यापायी इन्सुलिन सोडू नये. प्रत्येक दुःखाला कारण असते व ते दूर करता येते, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. ती शरीरालाही लागू आहे.

जय भीम!